निळ्या ओळीतली पांढरी फुलं

"मॅडम, सावली काढा."

चाचा माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मालेगावच्या, म्हणजे आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या एसटी स्टँडसमोर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काचेची एक पेटी आणि तिच्यामागे एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. मी आत काय चाललंय ते बघायला वाकले आणि त्यांच्या हातावरचा उजेड अडवला. त्यांनी मान वर केली नाही. डाव्या डोळ्यात काळं भिंग खोचलेलं होतं, ते तसंच ठेवून एवढंच म्हणाले. मी बाजूला झाले.

पुढचे चार हिवाळे हे वाक्य मी रोज ऐकलं. निंदायला येणाऱ्या बायांनी ऐकलं, आमच्या ट्रॅक्टरवाल्याने ऐकलं, एकदा मुख्यालयातून आलेल्या मोठ्या साहेबांनीही ऐकलं. आणि सगळे बाजूला झाले. त्या आवाजात उर्मटपणा नव्हता. हातात काहीतरी नाजूक आहे आणि ते आत्ता मोडेल, एवढीच काळजी होती. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही सरकला असता.

मी त्यांच्याकडे गेले होते चिमट्याला धार लावून घ्यायला. मेडशीच्या अलीकडे आमचं जवसाचं छोटं संशोधन केंद्र आहे. दोन खोल्या, एक गोदाम आणि काळ्या मातीचे काही वाफे. मी तिथे नवीन होते. जवस आता आपल्याकडे चटणीपुरतं उरलंय. जिकडे बघावं तिकडे सोयाबीन आणि तूर, त्यातून एखाद्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जवसाच्या दोन ओळी दिसतात. एकरी उतारा वाढला तर लोक पुन्हा पेरतील, म्हणून जास्त दाणे देणारं वाण काढायचं, हे माझं काम. त्यासाठी दोन वाणांचा संकर करायचा. आणि संकर करायचा तर जवसाची कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी उघडायची, पाकळ्या काढायच्या, आतल्या परागाच्या पाच बारीक गाठी खुडायच्या आणि मधले पाच धागे मात्र शाबूत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धाग्यांवर बाप म्हणून निवडलेल्या झाडाचा पराग लावायचा. दुपारपर्यंत जवसाच्या पाकळ्या गळून पडतात, म्हणजे वेळही थोडाच. ऑफिसचे चिमटे बोथट होते. दहा कळ्या उघडल्या की सात मोडायच्या.

"कायच्यासाठी पायजे एवढी बारीक धार?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी भिंग काढलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"कळी दाखवा मले."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने ते केंद्रावर आले. सोबत स्वतःचे तीन चिमटे, एका रुमालात गुंडाळलेले. वाफ्यात पोतं अंथरून बसले, डोळ्यात भिंग खोचलं आणि संध्याकाळपर्यंत बारा कळ्या रिकाम्या केल्या. मी भिंगातून एकेक तपासली. बाराही कळ्यांत पाच धागे जसेच्या तसे उभे होते.

दुकानात तेव्हा दिवसाला दोन गिऱ्हाईकंही येत नव्हती. मोबाईल आल्यापासून लोकांनी मनगटावरून घड्याळं उतरवली होती, आणि ज्यांच्या मनगटावर होती ते सेल बदलायला जनरल स्टोअरमध्ये जायचे. मी विचारलं, हंगामापुरते याल का? ते म्हणाले, "पुर्जे लहान असले म्हनजे झालं. मंग ते लोखंडाचे असो का फुलाचे."

हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे 'अकुशल' असं लिहावं लागलं. रोजंदारीच्या मजुरांसाठी आमच्याकडे तो एकच रकाना होता. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

कळ्या खुडता खुडता चाचा झाडं बघायचे. वाणांना आमच्याकडे नंबर असतात. त्यांना नंबर पटायचे नाहीत, त्यांनी नावं ठेवली. एक परदेशी वाण होतं, उंच, सरळ, टपोऱ्या दाण्याचं. ते 'नवरदेव'. दाणे पिकले की बोंडं फुटून सगळं जमिनीवर सांडणारं एक होतं, त्याचं नाव 'उधळी'. आणि मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून मी आणलेलं एक गावठी वाण होतं. एका म्हाताऱ्या बाईने हरभऱ्याच्या कडेने वर्षानुवर्षं लावलेलं, घरच्या चटणीपुरतं. बुटकं, फांद्यांचा नुसता झुबका, दाणा बारीक, आणि फूल पांढरं. बाकी सगळ्यांची फुलं निळी, हिचं एकटीचं पांढरं. ती 'बुटकी'.

पहिल्या हंगामात आईबाप निवडायला मी आदल्या सालच्या मोजणीचा तक्ता घेऊन बसले होते. झाडाला बोंडं किती, बोंडात दाणे किती, हजार दाण्यांचं वजन किती. प्रत्येक गोष्टीत जे वाण पहिलं आलं त्यावर लाल खूण. नवरदेवावर दोन लाल खुणा होत्या. बुटकीवर एक, बोंडांच्या संख्येची; पण दाण्याचं वजन इतकं कमी होतं की मी तिला काढून टाकलं होतं.

चाचांनी तक्ता पाहिला. त्यांना मराठी वाचता येत होतं, सावकाश.

"हे सगळं त्याच्या सोताचं झालं," ते म्हणाले. "त्याची औलाद कशी निंगन, ते कुठी लिवलं?"

"जो स्वतः चांगला, त्याची मुलं चांगली निघण्याची शक्यता जास्त, चाचा."

"तसं नसते, मॅडम. आता घड्याळीचंच पाहा. काही पुर्जा असा असते का दिसाले एक नंबर, पन दुसऱ्या घड्याळीत टाकला का अडकलाच. अन् काही पुर्जे असे का कोन्याबी घड्याळीत टाका, चालते म्हनजे चालते. दिसाले काहीच नायी. पन माह्या डब्यात मी तेच सांभाळून ठेवतो."

मी हसले. मग हसू थांबलं, कारण ते जे सांगत होते ते मी एम.एस्सी.ला दोन महिने शिकले होते. संयोगक्षमता. काही वाणं कुणाशीही संकर केला तरी संतती चांगली देतात, काही फक्त स्वतःपुरती चांगली असतात. आणि हे झाडाकडे बघून कळत नाही. अनेकांशी संकर करून पुढची पिढी बघावी लागते. परीक्षेत मी यावर दहा ओळी लिहिल्या होत्या आणि शेतात बसून तक्त्यावर लाल खुणा करत होते.

"मग तुम्ही कोणाला घ्याल?"

त्यांनी बोट केलं. बुटकी.

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"हे सगळ्याच्या आधी फुलते. कळीमाशी जोरात येते तवरोक हिचे पयले बोंडं धरूनबी झाले. मी रोज पाहून राह्यलो ना. अन् सूरत पाहू नोका मॅडम, औलाद पाहा."

हे त्यांचं दुसरं नेहमीचं वाक्य. सूरत पाहू नोका, औलाद पाहा. ऑफिसात नवीन खुर्च्या आल्या तेव्हा ते एका खुर्चीला उद्देशूनही हे म्हणाले होते, आणि ती खुर्ची आठवड्यात मोडली.

मी बुटकीला आई केलं आणि चार वेगवेगळे बाप घेतले, त्यात नवरदेवही. बाकीचे संकर माझ्या तक्त्यावरून लावले. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांची पहिली पिढी फुलली. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पांढऱ्या फुलाच्या आईला निळ्या फुलाच्या बापाचा पराग लावला की संकर झालेली पहिली पिढी निळी फुलते. पण खुडताना परागाची एखादी गाठ फुटली, तर आईचाच पराग आईला लागतो, संकर होत नाही आणि झाड पांढरं फुलतं. म्हणजे हाताची चूक एक वर्षाने फुलून वर येते. सगळ्यांना दिसेल अशी.

त्या वर्षी बुटकीच्या चारही ओळी निळ्या होत्या. एकही पांढरं नाही. चाचा सकाळी उन्हं आल्या आल्या ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, आणि टोपी काढून पुन्हा घातली. काढणी झाल्यावर मोजलं तर बुटकीची चारही लेकरं आपापल्या बापापेक्षा जास्त बोंडं देत होती. नवरदेवाची इतर वाणांपासून झालेली संतती सुमार निघाली. बुटकीपासून झालेली तेवढी उत्तम. मी अहवाल पाठवला. मुख्यालयातून पहिल्यांदा माझ्या नावाने कौतुकाचं पत्र आलं.

आणि पुढच्या हंगामात संकरांची संख्या दुप्पट करा, असंही.

तिसरा हिवाळा मी पुन्हा पुन्हा आठवते. आधी चाचा संध्याकाळी तीस कळ्या करायचे. मी साठ मागितल्या. ते म्हणाले, "होईन." एके दिवशी मी चहा दिला तेव्हा त्यांच्या हातातल्या बशीचा किणकिण आवाज झाला. त्यांनी लगेच बशी खाली ठेवली आणि कपातूनच चहा घेतला.

"थंडी हाय," ते म्हणाले.

"हो, यंदा जास्तच आहे," मी म्हणाले.

मला कळलं होतं. हे मी आज लपवत नाही. थंडीने थरथरणारा हात कळीपाशी गेला तरी थांबत नाही; यांचा आधी थांबायचा, नंतर नंतर थांबेना. ते मनगट गुडघ्यावर दाबून धरायचे. मग एक वेताची काडी आणली आणि मनगट तिला रुमालाने बांधून काम करायला लागले. मी ती काडी पाहिली. चाचा, हात दाखवा, डॉक्टरकडे जाऊ, असं एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही. बोलले असते तर काम थांबलं असतं, आणि साठ कळ्या करणारा दुसरा माणूस माझ्याकडे नव्हता. मी फक्त रोज संध्याकाळी कळ्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या मोजायचे. साठ भरल्या की वहीत टिक करायची.

चौथ्या हिवाळ्यात त्या कळ्यांची पिढी फुलली.

मी केंद्रावर पोचले तेव्हा चाचा बुटकीच्या ओळींमध्ये उभे होते. आदल्या दिवशी पोतं अंथरलेलं होतं तिथे ते बसले नव्हते. निळ्या ओळीत पांढरी फुलं होती. एकदोन नाही. इथे एक, तिथे तीन, शेवटच्या ओळीत तर अर्धी.

"मॅडम, माह्या हातानं झालं," ते म्हणाले. "मागच्या सालचं सगळं फेका."

"सगळं कशाला? पांढरी तेवढी काढू. बाकी संकर झालेलेच आहेत."

"या चार ओळीचं कळलं, कारन बुटकी पांढरी हाय. बाकीच्या आया निळ्या, बापबी निळे. तिथी किती बिगडले ते कसं कळन? जे दिसते ते उपटसान. जे दिसत नायी त्याचं काय?"

ते बरोबर होतं. आई कोण हे माहीत आहे आणि बाप कोण याची खात्री नाही, अशा ओळींवरून कोणतं वाण आई किंवा बाप म्हणून चांगलं आहे हे ठरवता येत नाही. त्यातून जे निष्कर्ष निघतील ते खोटे. मला हे त्यांच्याइतकंच कळत होतं. पण दोन दिवसांनी पाहणीसाठी साहेब येणार होते, आणि मी पत्रात दुप्पट संकरांच्या ओळी कळवून बसले होते.

"पांढरी उपटा," मी म्हणाले.

त्यांनी उपटली. एकेक झाड मुळासकट काढून, माती झटकून, पोत्यावर ओळीने मांडलं. ते सगळं झाल्यावर हात धुवून बसची वाट बघत फाटकाशी जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून पाहत होते. त्यांचा उजवा हात खिशात होता आणि खिसा हलत होता.

पाहणीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला साहेब वाफ्यात आले. सोबत आणखी चौघं. सगळं नीट चाललं होतं. शेवटच्या ओळीत उशिरा फुलणारं एक झाड राहून गेलं होतं आणि त्याने नेमकी त्या दिवशी पहिली कळी उघडली होती.

"हे पांढरं कसं?" साहेबांनी विचारलं.

चाचा माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. मी म्हणाले, "मजुराच्या हातून चूक झाली, सर."

माझा आवाज अगदी सहज होता. नंतर कितीदा तरी तो मी आठवून पाहिला. त्यात जराही अडखळणं नव्हतं.

साहेबांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी दोन्ही हात मागे घेतले आणि म्हणाले, "हाव साहेब. माह्या हातून झालं."

"असल्या कामाला असली माणसं कशाला घेता? दुसरा बघा कोणी." एवढं बोलून साहेब पुढच्या वाफ्याकडे गेले. आणखी काही झालं नाही. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल.

दुसऱ्या दिवशी चाचा आले नाहीत. मी निरोप पाठवला नाही. आठवड्याने खुलासा मागणारं पत्र आलं, त्यावर मी उत्तर लिहिलं: अकुशल मजुराकडून हाताळणीत झालेल्या चुकीमुळे. शब्द हजेरीपटावरून जसाच्या तसा उचलला. सही केली.

मार्चमध्ये काढणी झाली तेव्हा त्या वर्षाच्या सगळ्या जुड्या मी गोदामात रचल्या आणि त्यांच्यासमोर बसून राहिले. मग त्या बाहेर काढल्या आणि पेटवून दिल्या. कुणाला विचारलं नाही. पहिल्या हंगामातल्या बुटकीच्या संततीची पिढी तेवढी वेगळी होती, ती ठेवली. अहवालात लिहिलं की साहित्य शंकास्पद असल्याने नष्ट केलं. त्यावर माझी चौकशी झाली आणि बढती लांबली. मला त्याचं बरंच वाटलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाईट वाटलं. पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

एप्रिलच्या एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले. मालेगावच्या बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्या आणि पुढे छोटं अंगण. चाची दारात तांदूळ निवडत होत्या. चाचा खाटेवर बसले होते. चार महिन्यांत ते खूप वाळले होते. चेहरा ताठ झाला होता, डोळ्यांची उघडझापही कमी. अकोल्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता.

चाचींनी चहा आणला. मला कपात, चाचांना मोठ्या स्टीलच्या ग्लासात तळाशी थोडासा, म्हणजे सांडू नये.

"बुटकीचं काय चाललं?" चाचांनी पहिलं हेच विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"पहिल्या सालची पिढी चांगली आहे. मागच्या सालचं सगळं जाळलं, चाचा."

त्यांनी ग्लास मांडीवर टेकवला. मग म्हणाले, "सगळं?"

"तुम्हीच म्हणाला होता."

"हाव. मीच म्हनलं होतं." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्या जुड्यांत त्यांच्या हातांचं शेवटचं काम होतं, हे मला तेव्हा सुचलं. जाळताना नव्हतं सुचलं.

मी क्षमा मागायला आले होते. घरून निघताना वाक्य तयार केलं होतं. शेवटी मी एवढंच म्हणाले, "त्या दिवशी साहेबांसमोर मी असं बोलायला नको होतं."

"नायी नायी. बराबर बोलल्या तुमी. चूक माहीच होती." मग थोडं थांबून, ग्लास दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "फक्त मजूर म्हनाल्या."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"काही नायी. घड्याळवाला म्हनलं असतं तरी चाललं असतं."

चाची तांदूळ निवडत राहिल्या. मी चहा संपवला. त्या दिवशी घरी येऊन मी काय केलं ते मला आठवत नाही.

पण मी परत गेले. डिसेंबरात जवसाची दोन झाडं कुंडीत घालून, मांडीवर धरून बसने नेली. चाचांनी कुंडी बघितली आणि त्यांच्या ताठ चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते खाटेवर, मी खाली अंगणात बसले. त्यांचे चिमटे, त्यांचं भिंग. हात माझे.

"दम आत घेतल्यावर नोका करू," ते सांगायचे. "सोडला का मंग. हात तवा शांत असते." आणि, "ओढू नोका. उचला." आणि एक कळी मोडली की डोळे मिटून घ्यायचे, जसं काही त्यांनाच टोचलं.

मी शिकले. दोन हिवाळे दर रविवारी गेले. उन्हाळ्यात वाळलेल्या जुड्या न्यायचे, पुढच्या हंगामाचे आईबाप ठरवायला. त्यांना आता बोंड चिमटीत फोडता येत नव्हतं. चाची फोडायच्या, दाणे ताटलीत ठेवायच्या, आणि चाचा ताटलीवर वाकून बघायचे. बुटकीच्या पहिल्या संततीतून दहा-बारा चांगली झाडं निवडून मी पिढ्यानपिढ्या पुढे नेत होते. बोंडं भरपूर, पण दाणा अजून हलकाच होता. त्यांचं म्हणणं, आता तिला पुन्हा एकदा मोठ्या दाण्याचा बाप द्यायचा, पण नवरदेव नाही. जुड्यांमधून त्यांनी एक निवडला. दिसायला अगदी सामान्य. मी तक्ता उघडला. त्या वाणाची संतती मी तीन आयांपासून घेतली होती आणि तिन्ही ठिकाणी दाण्याचं वजन वाढलं होतं. मला ते दिसलं नव्हतं, कारण स्वतः तो कशातही पहिला नव्हता.

तोपर्यंत त्यांचं बोलणं चाचींनाच समजायचं. ते ओठ हलवायचे आणि चाची मला सांगायच्या. "म्हनते, हाच बाप घ्या. म्हनते, घाई नोका करू, कमी करा पन साफ करा." घास गिळता येईना झाला होता. पाणीसुद्धा चमच्याने. एकदा मी बसले असताना त्यांना ठसका लागला आणि तो थांबेचना. चाचींनी त्यांना छातीशी धरून पाठीवर थापट्या मारल्या, आणि मी ताटली हातात धरून उभी. चाचांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्या नजरेत लाज होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्यानंतरच्या जानेवारीत मी त्यांनी सांगितलेला संकर लावायला घेतला. एका संध्याकाळी चाळीस कळ्या रिकाम्या केल्या. एकटीनेच. दुसऱ्या कुणाला मी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन आला. चाचींचा.

"गेले बेटा," त्या म्हणाल्या. "फजरच्या टायमाले. जोहरच्या नमाजनंतर नेनार हाय."

मी वाफ्यातच उभी होते. धुक्याची दाट धुई पडली होती. धुई पडली की जवसाची फुलं उशिरा उघडतात. बापाच्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या. मी हिशेब केला. जोहर म्हणजे दुपारची नमाज, दीडच्या आसपास. साडेआठपर्यंत उघडतील, अकरापर्यंत काम होईल, साडेअकराची बस मिळेल. रिकामी केलेली कळी एकच दिवस पराग घेते. त्या दिवशी दिला नाही तर ती वाळून जाते. हे सगळं खरं आहे. आणि कळ्या पुढच्या आठवड्यात पुन्हा करता आल्या असत्या, हेही खरं आहे.

फुलं साडेनऊनंतर उघडली. मी एकेका फुलाशी बसत गेले. दम सोडायचा, मग हात. मध्येच वाटायचं, उठावं आणि जावं. दहा झाली होती तेव्हा वाटलं, वीस झाली तेव्हा वाटलं. उठले नाही. शेवटच्या कळीला चिठ्ठी बांधली तेव्हा बापाच्या झाडांखाली निळ्या पाकळ्यांचा सडा पडलेला होता आणि साडेबारा होऊन गेले होते. बस उशिरा आली.

गल्लीत शिरले तेव्हा पुरुष माणसं कबरस्तानातून परत येत होती. काही जण नळाशी पाय धूत होते. अंगणात त्यांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती, गादी उन्हात टाकलेली. कुणीतरी मला आत जायला वाट करून दिली.

आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. चाची मध्ये, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. मी दाराशीच थांबले. माझ्या साडीच्या काठाला ओली काळी माती लागली होती, ती त्यांनी पाहिली.

"फुलं होते का आज?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"सगळे झाले?"

"एक तुटलं," मी म्हणाले.

चाचींनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. त्यात राग होता की नव्हता, मला अजून सांगता येत नाही. मग त्या चटईवर जराशा सरकल्या, आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.